करंजी खात नाही

‘बाबा, करंजी काही खात नाहीये.’

नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नान झालेले, पुढ्यात फराळाचे ताट, चिवड्याचा पहिला घास तोंडात. अशा वेळी हे वाक्य कानी पडले तर मराठीचा अध्यापक काय करील? वाक्यातला कर्ता तेवढा तो चटकन ओळखील. कारण आमच्या घरी करंज्या दोन प्रकारच्या. एक डब्यातली, ती खायची असते. दुसरी चार पायांची, पांढरीशुभ्र, लांब कानांची. ती स्वतःच दिवसभर काही ना काही खात असते. तिचे नाव ‘शशिकला’ ठेवावे, असे मी सुचवले होते. पण अंग फुगवून बसलेली ती गुबगुबीत मूर्ती पाहून आमच्या आठवीतल्या कन्येने ‘करंजी’ असा निकाल दिला. आमच्या घरी भाषेच्या बाबतीत माझे मत जरूर विचारले जाते. मान्य मात्र होत नाही.

‘एक वेळ नाही खाल्लं तर काही बिघडत नाही,’ मी म्हणालो. ‘लंघन झालं की पोट आपोआप ताळ्यावर येतं.’

‘अरे, पहाटेच्या फटाक्यांनी भ्यायली असेल ती,’ आई देवघरातून म्हणाली. ‘पोटात वायू धरला असेल. बघ तरी.’

मी बघितले नाही. चकलीकडे वळलो.

वाचकहो, त्या सकाळचे माझे ते वाक्य मला आता परत घेता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे. आजारात लंघन बरे, हा आपल्याकडचा पिढीजात संस्कार. ताप आला, पोट बिघडले, की आधी जेवण बंद. माणसाच्या बाबतीत तो कित्येकदा चालूनही जातो. सशाच्या बाबतीत तोच संस्कार जिवावर बेततो, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

दिवसभर माणसांची ये-जा चालली होती. संध्याकाळी कन्या पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. ‘बाबा, सकाळपासून तिची एकही लेंडी पडलेली नाही.’ या शब्दावर एखादा विनोद माझ्या जिभेवर आला होता. पण तिचा चेहरा पाहिला आणि तो तिथेच गिळला.

कॉटखाली वाकून पाहिले. करंजी भिंतीला टेकून, पाठीचा कुबडा काढून बसली होती. कान मागे पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले आणि दात करकर वाजत होते. ससा खुशीत असला की हलकेच दात घासतो, हे मी ऐकून होतो. पण हा आवाज खुशीचा नव्हता. तो वेदनेचा होता.

मग फोनाफोनी सुरू झाली. एक दवाखाना दिवाळीनिमित्त बंद, दुसऱ्या ठिकाणी फक्त कुत्री-मांजरी बघतात. शेजारच्या काकू मोठ्या मायेने कॅप्सूल घेऊन आल्या. त्यांच्या मुलाच्या घशाच्या दुखण्यातून उरलेली होती. ‘निम्मी पाण्यात कालवून द्या,’ म्हणाल्या. सौ.ने ती ठेवून घेतली, दिली नाही. तेवढी एक गोष्ट त्या दिवशी वेळेवर झाली म्हणायची.

शेवटी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, कोथरूडमध्ये, एक डॉक्टर भेटले. टोपलीवर टॉवेल टाकून, रिक्षातून, माळा आणि सुतळी बॉम्ब चुकवीत आम्ही तिथे पोचलो. प्रत्येक आवाजाला टोपली दचकत होती आणि टोपलीबरोबर माझी मुलगी.

डॉक्टरांनी पोट चाचपले, छातीला नळी लावली, ताप पाहिला. सशाच्या अंगाची ऊब ३८.५ ते ४० अंश असावी लागते. करंजीची भरली ३७. क्ष-किरण काढले. ‘आतड्यात अडकलेलं काही दिसत नाही, हे नशीब,’ ते म्हणाले. ‘केव्हापासून खात नाही?’

‘सकाळपासून,’ मी म्हणालो. ‘मला वाटलं, लंघन...’

‘सर, तुम्ही मराठी शिकवता ना? मग हा शब्द सशापुरता कोशातून काढून टाका.’

आणि त्यांनी समजावून सांगितले. सशाचे पोट म्हणजे अखंड चालणारे जाते. वैरण घालायचे थांबले की जातेही थांबते. आत वायू साठतो, पोट दुखते; दुखते म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी दुखते. त्याला ओकारीही काढता येत नाही. बारा तास पोटात काही गेले नाही, तर धावतपळत दवाखाना गाठायचा; पण बाराची वाट कशाला पाहायची? भीती, वेदना, उन्हाळा, दाताचे दुखणे, कोणत्याही निमित्ताने हे होते. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजतात गवताने. बालवाचनातल्या चित्रांत ससा गाजर खातो, पण गाजर त्याची मिठाई. त्याची भाकरी म्हणजे वाळलेले गवत. काकूंच्या कॅप्सूलविषयी विचारले, तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. पेनिसिलीनच्या जातीचे औषध तोंडाने दिले, तर सशाच्या पोटातले उपकारक जंतू मरतात आणि पाठोपाठ ससाही.

त्यांनी कातडीखाली कोमट सलाइन दिले, वेदनाशामक टोचले. बरोबर गवताची पूड दिली; ती कोमट पाण्यात कालवून दर तीन तासांनी पिचकारीने भरवायची. पुढच्या दातांच्या बाजूने, थेंबाथेंबाने. उताणे करून कधीच नाही, नाहीतर घास श्वासनळीत जाईल. आणि वायूसाठी थेंब दिले. बाटली पाहून आई घरी म्हणाली, ‘हे तर तान्ह्या मुलांना देतात तेच!’ मग माझ्याकडे पाहून, ‘सकाळी मी काय म्हणत होते?’

रात्री पाळ्या लावल्या. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून करंजीला टेकवली. पहिल्या पाळीला तिने अर्धे अन्न माझ्या सदऱ्यावर सांडले. दुसऱ्या पाळीला दोन घास गिळले. आपण सशाला भित्रा म्हणतो. पण जो प्राणी जन्माने इतरांचे भक्ष्य, त्याला दुखणे दाखवून चालत नाही. करंजी दिवसभर एक शब्दही न काढता सहन करीत होती आणि आम्ही शूर माणसे फराळ करीत होतो.

दोनच्या सुमारास कन्या हळूच म्हणाली, ‘बाबा, सकाळीच नेलं असतं तर?’

वर्गात मला कोणत्याही प्रश्नाला उत्तर सुचते. इथे एकच खरे होते. ‘न्यायलाच हवं होतं,’ मी म्हणालो. ‘तू सांगितलंस, आजीने सांगितलं. माझं चुकलं.’ तिने मान हलवली आणि पिचकारी माझ्या हातात दिली. ती रागावली असती, तर बरे वाटले असते.

पहाटे आई उठली. लक्ष्मीपूजनासाठी आणलेल्या दूर्वांची जुडी तिने निवडायला घेतली आणि त्यातली एक काडी सहज करंजीच्या नाकापुढे धरली. नाक हलले. मग ओठ. मग ती काडी अगदी सावकाश आत जाऊ लागली. देवाच्या आधी सशाला दूर्वा, याबद्दल आई काही बोलली नाही; तिने दुसरी काडी पुढे केली.

सात वाजता कन्येने हाक मारली. टोपलीतल्या कापडावर मिऱ्याएवढी, वाळकी, वेडीवाकडी अशी एक लेंडी पडली होती. आम्ही चौघे तिच्याभोवती उभे राहिलो. सौ.ने डोळे पुसले. मराठीच्या अध्यापकाला त्या क्षणी त्याहून सुंदर शब्द आठवत नव्हता.

तिला पूर्ववत व्हायला पाच दिवस लागले. यंदा कोजागिरीपासूनच तिची टोपली आतल्या खोलीत, खिडक्या बंद, गवत भरपूर. आणि डॉक्टरांचा नंबर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी असा एखादा मुका जीव असेल, तर फटाका लावताना त्याची आठवण ठेवा. आणि घरातले लेकरू ‘हा काही खात नाही’ असे सांगत आले, तर ताटावरून उठा. फराळ कुठे पळून जात नाही.