पदवीचा ताळेबंद

बारावीचा निकाल लागला की आपल्या पेढ्यांवर एकच चर्चा सुरू होते. मुलाला पुण्याच्या खासगी विद्यापीठात बी.बी.ए.ला घालावे, की गावच्या अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम. करवून सोबत सी.ए.ची तयारी करून घ्यावी? एरवी पैशापैशाचा हिशेब ठेवणारे आपण या सौद्यात मात्र माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर भुलतो.

दहा लाखांचे कर्ज दहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे, तर हप्ता महिना १३,२०० रुपयांच्या पुढे जातो आणि एकूण परतफेड १५ लाख ८५ हजारांच्या घरात. शिकत असतानाच्या काळाचे व्याज निराळे. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि आपल्या घरांत तारण म्हणजे बहुधा दुकानाचा गाळा. पहिल्याच पदवीसाठी गाळा गहाण पडावा, हे मला पटत नाही. तो खर्च पदव्युत्तर शिक्षणासाठी राखावा. तोवर मुलाचा कलही कळतो.

दर्जा पाहताना ‘सर्वोच्च पगारा’ची जाहिरात बाजूला ठेवावी, तो एकाच मुलाचा असतो. एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था देतात त्या माहितीत किती विद्यार्थी नोकरीस लागले आणि मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती, हे असते. ते मागून घ्यावे. नॅकची श्रेणी संस्थेची असते, प्रत्येक अभ्यासक्रमाची नव्हे.

दुकान सांभाळून शिकू पाहणाऱ्यांस १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. २०२२ पासून नियमित पदवीबरोबर दूरस्थ पद्धतीने दुसरी पदवीही घेता येते. सी.ए.च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली असून त्या काळात विद्यावेतन मिळते.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. (बर्लिनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, चौविहार पाळणाऱ्याने तेही हिशेबात धरावे.)

आणखी एक. अनेक घरांत मुलासाठी पुणे आणि मुलीसाठी ‘जवळचे कॉलेज’ हे न मोजताच ठरते. मुलीचे गुण अधिक असताना तिच्या नावाचे खाते उघडलेच जात नाही. या जूनमध्ये अर्ज भरण्यापूर्वी दोघांची पाने शेजारी ठेवून, दोघांना समोर बसवून, एकाच पद्धतीने आकडे मांडावेत.