धक्क्याला लागणार की पडावानं?

गणपतींचं विसर्जन झालं की आपल्या धंद्यातल्या फोनना जाग येते. अशाच एका संध्याकाळी दादरला एका मित्राच्या ऑफिसात बसलो होतो. समोर गिरगावातलं सहा जणांचं कुटुंब होतं: आजोबा-आजी, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. सुनेच्या मोबाइलवर दोन बोटींचे व्हिडिओ उघडे होते. तिला बाल्कनी हवी होती, थोरल्या नातवाला पाण्याची घसरगुंडी, आणि मुलगा माणशी किती पडतात ते कॅल्क्युलेटरवर बघत होता. काउंटरवरचा पोरगा हुशार. कुठल्या बोटीवर डेक किती, रेस्टॉरंटं किती, शो कुठले, हे त्यानं न अडखळता सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर आजोबांनी एकच विचारलं, "बोट धक्क्याला लागणार, की पडावानं उतरवणार?"

पोरगा गडबडला. पडाव हा शब्दच त्याच्या कानावरून गेलेला नव्हता.

आजोबा मूळचे वेंगुर्ल्याचे. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'नं भाऊच्या धक्क्यावरून गावी गेलेल्या पिढीतले. बोट बाहेर नांगर टाकून उभी राहायची, पडाव तिला येऊन भिडायचा, आणि लाटेसरशी तो वर आला की खलाशी पोरांना बखोटीला धरून खाली घ्यायचे. त्यांच्या लेखी बोटीचा प्रवास म्हणजे तो एक क्षण. आता शेजारी बसलेल्या आजींचे दोन्ही गुडघे गेलेले, शिवाय त्यांना बोट लागते. म्हाताऱ्यानं दोन बोटींची जी तुलना एका वाक्यात केली, ती आपल्यापैकी किती जण करतात?

खरं सांगायचं तर मुंबईत आपल्याला तुलना करायची सवयच लागली नाही, कारण तशी वेळ फारशी आली नाही. २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' आली, तेव्हा आपण लिब्रा विकली. पुढे कोस्टाच्या बोटी आल्या, त्या विकल्या. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली, ती विकली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' विकतो आहोत. जी बंदरात असेल ती चांगली, असा आपला सरळ हिशेब. २०२३ च्या नोव्हेंबरात 'कोस्टा सेरेना' देशांतर्गत फेऱ्यांसाठी मुंबईत आली आणि एकाच हंगामात दोन मोठ्या बोटी समोर उभ्या राहिल्या. तेव्हा आपली भंबेरी उडाली. "सेरेना मोठी आहे, इटालियन आहे," यापलीकडे आपल्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं.

आता तेवढ्यावर भागणार नाही. बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं. कॉर्डेलियानं नॉर्वेजियन क्रूझ लाइनशी केलेल्या करारानुसार 'नॉर्वेजियन स्काय' २०२६ मध्ये आणि 'नॉर्वेजियन सन' २०२७ मध्ये त्यांच्या ताफ्यात यायची आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या पत्रकात दोन-तीन बोटी असतील आणि गिऱ्हाईक विचारेल, "यातली कुठली?"

म्हणून एम्प्रेस आणि स्काय या दोघींची कुंडली आजच मांडून ठेवू.

एम्प्रेस १९९० ची, फ्रान्समधल्या सेंट नझेरला बांधलेली. तेव्हाचं तिचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी २११ मीटर, ग्रॉस टनेज ४८,५६३. स्काय १९९९ ची, ग्रॉस टनेज ७७,१०४. तिची कथा चमत्कारिक आहे. जर्मनीतल्या ब्रेमर व्हल्कन गोदीत कोस्टासाठी तिचं काम सुरू झालं, गोदीचं दिवाळं निघालं, अर्धवट सांगाडा नॉर्वेजियननं घेतला आणि ब्रेमरहाफेनला पूर्ण केला. मधली काही वर्षं ती 'प्राइड ऑफ अलोहा' या नावानं हवाईला फिरली, मग पुन्हा स्काय झाली. बोटीचं नाव कितीही वेळा बदललं तरी जिने आणि खोल्या आहेत तिथंच राहतात, हे आपण लक्षात ठेवायचं.

टनेजबद्दल एक खुलासा. आपली मंडळी "अठ्ठेचाळीस हजार टन वजनाची बोट" असं बिनदिक्कत सांगतात. ग्रॉस टनेजचा वजनाशी संबंध नाही. बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं की माणशी जागा किती येते त्याचा अंदाज मिळतो. एका खोलीत दोघे धरले तर एम्प्रेसवर सुमारे १,६०० प्रवासी होतात, म्हणजे भागाकार ३० च्या आसपास. स्कायवर २,००४, म्हणजे ३८. सेरेना सुमारे १ लाख १४ हजार टनेजची आणि दोघांच्या हिशेबानं ३,००० प्रवाशांची, तिचाही आकडा ३८ च.

पण खोलीत दोघे हा हिशेब परदेशी आहे. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत खोलीत दोघे कोण जातं? वरच्या घडीच्या बिछान्यांवर मुलं, नाहीतर मेव्हणा. सेरेनाचे सगळे बिछाने भरले तर प्रवासी ३,७८० आणि आकडा येतो ३०. एम्प्रेसवर खोलीत दोनच माणसं असताना जो येतो, नेमका तोच. म्हणजे सुट्टीतली मोठी बोट आणि आडदिवसातली छोटी बोट यांत लिफ्टपुढची रांग सारखीच. गिऱ्हाइकाला तारीख पुढे-मागे करता येत असेल, तर बोट बदलण्याआधी तारीख बदलून बघा.

आता खोली. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, हे लालबाग-परळच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एम्प्रेसवरची साधी आतली खोली त्याहूनही लहान, आणि बाथरूम त्यातच. यात कुणी फसवत नाही. ही बोट मुळात फ्लोरिडाहून बहामाला जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधली होती. प्रवासी खोलीत फक्त झोपायला येणार, दिवसभर डेकवर आणि हॉलमध्ये असणार, असं धरून खोल्या आखल्या, बाल्कन्याही मोजक्याच ठेवल्या. स्काय आठवडाभराच्या सफरींच्या काळातली. तिच्यावर बाल्कनीच्या अडीचशेच्या आसपास खोल्या आहेत.

यातून आमचा निर्णय आपोआप निघतो. मुंबई-गोवा-मुंबई अशा दोन रात्रींसाठी एम्प्रेसला नावं ठेवू नका, ती त्याच कामासाठी जन्मली आहे. दोन रात्रींसाठी बाल्कनीचे जादा पैसे घेणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणं. म्हाताऱ्या माणसांना मात्र खिडकीची खोली द्या. चार-पाच रात्रींची सफर असेल, बरोबर दुपारी झोपणारी माणसं असतील, तर जिच्यात खोली मोठी आणि बाल्कनी परवडणारी, ती बोट घ्या. सिंगापूरची 'गेंटिंग ड्रीम' याच तक्त्यात ओढू नका. २०१६ ची ती बोट दीड लाख टनेजची आहे, पण तिथं विमानभाडं, पासपोर्ट आणि चार दिवस जास्तीची रजा लागते. गिऱ्हाईक तिथं सुट्टीची तुलना करत असतं.

एक चूक माझीही सांगतो, कारण या पानावर बसून दुसऱ्यांना शिकवणं सोपं आहे. संपादक होण्याआधी मी स्वतः बुकिंग करायचो. लालबागच्या अकरा जणांना तीन खोल्या दिल्या, चार-चार-तीन. माणशी दर झकास बसला, मीही खूश. त्यात बहात्तर वर्षांच्या मावशी होत्या. पहिल्या रात्री कोण कुठं झोपणार यावरून नात्यांत ताण आला, आणि मावशी "मला चालतं" म्हणत शिडीनं वरच्या बिछान्यावर चढल्या. उतरताना पाय सटकला. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. खोलीचा नकाशा माझ्या टेबलाच्या खणात होता. खालचे बिछाने किती, हे मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तो नकाशा कसा वाचायचा हे प्रत्येक काउंटरवर ठाऊक हवं. ज्याला बोट लागते त्याला मधल्या भागात, खालच्या मजल्यावर ठेवायचं. पोहण्याच्या तलावाच्या डेकखालच्या खोलीत पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. अगदी नाकाडाकडच्या खोलीत नांगर टाकताना साखळीचा खडखडाट. खिडकी आहे पण पुढे लाइफबोट टांगलेली, असा प्रकार असतो, आणि तो स्वस्त असतो. "खोली कंपनी ठरवेल" या अटीवरचा दर सगळ्यांत कमी दिसतो, पण गुडघेदुखीच्या माणसाला तो देऊ नये.

मग आजोबांचा प्रश्न. मुरगावला मोठी बोट धक्क्याला लागते, शिडीवरून चालत उतरता येतं. लक्षद्वीपला बोट बाहेर उभी राहते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात. वारा वाढला की कॅप्टन उतरणं रद्द करतो. तो त्याचा अधिकार आहे आणि करारात तसं लिहिलेलं असतं. भाडं त्यासाठी सहसा परत मिळत नाही. एका फेरीत असं झालं आणि परत आल्यावर माझ्या टेबलापुढे चौदा माणसं उभी राहिली. बोट कुठली ते सांगण्याचं कारण नाही, कारण दोष तिचा नव्हता. मी बुकिंगच्या वेळी हे एक वाक्य बोललो नव्हतो.

गोव्याचंही घड्याळ मांडा. समजा बोट बंदरात सात तास आहे. सगळ्यांनी परत यायची वेळ तासभर आधीची. उतरायला पाऊण तास. बंदर मुरगावला आहे, कलंगुटला नाही, तेव्हा जाऊन-येऊन तीन तास रस्त्यात गेले. हातात उरले सव्वादोन. दोन बोटींच्या मुक्कामात दोन तासांचा फरक असेल, तर त्यापुढे सगळ्या घसरगुंड्या फिक्या.

पैशांचं थोडक्यात. भाडं, पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी, जीएसटी आणि बोटीवर जे वेगळं विकत घ्यावं लागतं ते, हे सगळं मिळवून माणशी एका रात्रीचा आकडा काढा आणि मगच दोन बोटी शेजारी ठेवा. कंपनीची रद्द करण्याची अटही त्याच कागदावर लिहा. कर्णिका एप्रिल २०१९ मध्ये केवढ्या थाटात आली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनी बंद झाली आणि बोट अलंगला मोडीत गेली. आणि गंमत बघा, तीही १९९० सालचीच होती, एम्प्रेसच्या वयाची. बोटीच्या वयावरून यातलं काहीच ओळखता आलं नसतं.

वाचकांना एक विनंती. या हंगामात बोट बॅलार्ड पिअरला लागेल त्या दिवशी बोट बघायची परवानगी मागा. नावं काही दिवस आधी द्यावी लागतात, ओळखपत्र लागतं, आणि हातात वेळ फार मिळत नाही. तेव्हा बुफे आणि थिएटर बघत बसू नका. मोजायची टेप न्या. एक आतली, एक खिडकीची आणि एक चौघांची खोली मोजा, वरच्या बिछान्याच्या शिडीवर स्वतः चढून बघा, लिफ्टपासून खोलीच्या दारापर्यंत पावलं मोजा. खोलीचा नंबर, डेक आणि ही मापं आम्हाला लिहून पाठवा. पाठवणाऱ्याच्या नावासह ती इथं छापू.