'फेअर' म्हणजे नक्की किती चांगलं?



इंग्रजी न शिकलेल्या घरातही 'फेअर' हा शब्द पोहोचलेला असतो. 'आधी रफ वहीत कर, मग फेअर वहीत उतरव' हे वाक्य पेण काय नि रोहा काय, सगळीकडे ऐकू येतं. फेअर वही म्हणजे स्वच्छ, नीटनेटकी वही. म्हणून प्रगतिपुस्तकावर 'फेअर' असा शेरा आला की घरच्यांना वाटतं, पोर छान शिकतंय. शेरा लिहिणाऱ्या बाईंना मात्र म्हणायचं असतं, 'बरं आहे, पण अजून लक्ष द्या'. शब्द एक, निरोप दोन. माझं मत सरळ आहे : या शब्दाचे सगळे अर्थ वर्गात शिकवा, पण शेरा म्हणून तो एकटा लिहू नका.

आधी अर्थ पाहू.

1. सुंदर. हा जुना अर्थ. 'माय फेअर लेडी' या नावात तो आजही दिसतो.

2. गोरा. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींनी हा अर्थ घरोघरी नेला. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 2020 मध्ये 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं, ते याच अर्थावरच्या टीकेनंतर. वर्गात 'फेअर' शिकवताना उदाहरण म्हणून मुलांचे रंग दाखवू नका. त्याची गरजच नाही.

3. न्याय्य, रास्त. रेशनचं दुकान आठवा. इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप', मराठीत 'रास्त भाव दुकान'. इतका चपखल मराठी शब्द आपल्याकडे आहे. खेळातलं 'फेअर प्ले' आणि मुलांच्या तोंडचं 'हे अनफेअर आहे' याच घरातलं.

4. बऱ्यापैकी. 'हर इंग्लिश इज फेअर' म्हणजे तिचं इंग्रजी बऱ्यापैकी आहे. उत्तम नाही, वाईटही नाही. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशी शेऱ्यांची उतरंड लावली, तर 'फेअर' खालून दुसरा येतो.

जत्रा या अर्थाचा 'फेअर' मात्र वेगळा शब्द आहे. उच्चार आणि स्पेलिंग सारखं, मूळ निराळं.

'सुंदर'पासून 'बऱ्यापैकी'पर्यंत हा शब्द घसरला, याचं नवल वाटायला नको. आपल्या 'बरा'चंही तसंच आहे. जुन्या मराठीत 'बरवा' म्हणजे सुंदर, उत्तम. आज 'निकाल बरा लागला' म्हटलं की ऐकणारा पेढे मागत नाही. गोव्यात मात्र 'देव बरें करूं' म्हणताना 'बरें' पुरेपूर चांगलंच असतं. आपल्याकडेही 'बरा हाय' याचा अर्थ बोलणाऱ्याच्या सुरावर ठरतो. बोलताना सूर असतो, चेहरा असतो. प्रगतिपुस्तकात यातलं काहीच नसतं.

आता हे एवढं महत्त्वाचं का? धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा बाबा पालकसभेला येऊ शकेलच असं नाही. गणपतीच्या आधीचे महिने पेणच्या कारखान्यात मूर्ती रंगवणाऱ्या आईचंही तेच. त्यांच्यासाठी प्रगतिपुस्तक हीच शाळेची भेट. तिथे 'फेअर' वाचून ते निर्धास्त होतात. हुशार मुलाकडे लक्ष जातं, फार मागे पडलेल्याकडेही जातं. मधलं मूल मात्र 'फेअर', 'फेअर' करत पुढे सरकत राहतं. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट आली आहे. वजाबाकीतला हातचा कच्चा आहे हे घरी पाचवीच्या निकालानंतर कळणं, याला मी तरी रास्त म्हणणार नाही.

पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपती कारखान्यांचंच उदाहरण घ्या. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकणाऱ्याला नुसतं 'बरं आहे' म्हणून भागेल का? रेघ कुठे जाड झाली, नजर कुठे वळली, हे दाखवावंच लागतं. तेव्हा पुढची मूर्ती सुधारते.

आपल्याकडे त्यासाठी जागाही आहे. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. 'विशेष प्रगती', 'आवड/छंद', 'सुधारणा आवश्यक' हे रकाने आपण दर सत्राला भरतोच. तिथे 'फेअर', 'ठीक', 'समाधानकारक' यांच्या पुढे एक वाक्य जोडा. 'वाचन बऱ्यापैकी. जोडाक्षरांपाशी अडखळते, रोज पाच ओळी मोठ्याने वाचून घ्या.' किंवा, 'गणित ठीक. हातच्याची वजाबाकी चुकते.' पन्नास मुलांचा वर्ग असेल तर वेळ लागतो, कबूल. मग सगळ्या विषयांना नको, मूल जिथे अडलंय त्या एका विषयाला लिहा.

पालकहो, तुम्हीही एक करा. शेरा 'फेअर' असो की 'गुड', शाळेत येऊन किंवा फोनवर दोनच प्रश्न विचारा : 'कशात?' आणि 'घरी काय करून घेऊ?' तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हे प्रश्न मराठीत विचारता येतात. आणि शेऱ्याचा अर्थ समजावून सांगणं हे आम्हा शिक्षकांचं कामच आहे.