नकाशा नसलेली गुराब

बारा पौंडी गोळ्याची तोफ साधारण आठ-नऊ फूट लांब. एकास पन्नास या प्रमाणात ती केली की पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते. अशा दोन तोफा आंग्र्यांच्या गुराबेच्या, म्हणजे मराठ्यांच्या लढाऊ जहाजाच्या, पुढच्या अंगाला शेजारी शेजारी बसवायच्या, त्यांची तोंडं आडव्या भिंतीतल्या झरोक्यांतून बाहेर काढायची, आणि गोळा नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढं आलेल्या टोकावरून, सरळ पुढं गेला पाहिजे. झरोका किती उंचीवर घ्यायचा? तोफ उडाली की मागं सरकणार, तिला किती जागा सोडायची? गेले काही आठवडे माझं काम या दोन तोफांपाशी थांबलं आहे.

जहाजांच्या प्रतिकृतींचा नाद मला कारवारला कॉलेजात असताना लागला. एनसीसीच्या नौदल शाखेत शिप मॉडेलिंग हा स्पर्धेचा विषय असतो, त्यात हात बसला. पुढं नोकरी, संसार, मुलांची शिक्षणं. करवत आणि पटाशा माळ्यावर गेल्या. निवृत्तीनंतर त्या खाली काढल्या तेव्हा जो तो सांगू लागला, इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचा तयार संच मागवा. हा संच जगभर लोकप्रिय आहे आणि त्यातून सुरेख काम होतं, यात शंका नाही. पण मला गुराब करायची होती.

या गुराबांचे धनी, मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून त्यांचे पुत्र तुळाजी यांच्यावर चाल केली, विजयदुर्ग पडला आणि तिथलं आरमार बंदरातच जळून गेलं. आपल्याच माणसांच्या साथीनं आपलं आरमार संपलं, हे वाचताना आजही जीव तुटतो. त्या गुराबांचं मला मिळालेलं सर्वांत नेमकं वर्णन ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं केलेलं आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात फार न बुडणारी, मध्यापासून पुढं निमुळती होत जाणारी. नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढं काढलेली. नाळेवरच्या तक्तपोशीला कठडे नाहीत, कारण समोरून लाट आली की गुराब जोरात डोकं खुपसायची आणि वर आलेलं पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जायला हवं. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं तिला ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, आणि मग पुढच्या तोफा शत्रूच्या डोलकाठ्यांवर मारा करत. म्हणजे ती नाळ आणि त्या दोन तोफा हेच गुराबेचं मर्म. ऑर्मनं टन सांगितले, तोफा सांगितल्या. लांबी-रुंदीचे आकडे त्या वर्णनात नाहीत.

इंग्रजांचं काम नकाशावर चाले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगते. तिचे नकाशे ‘जावा’ या जहाजातून हिंदुस्थानकडे निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकन जहाजाशी झालेल्या लढाईत ‘जावा’ गेली, तिच्याबरोबर नकाशेही गेले, आणि दुसरा संच येईपर्यंत थांबावं लागलं. कोकणातल्या सुतारांची रीत वेगळी. पठाण, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, टाकायचं, नाळ उभी करायची, आणि पुढचा बाक नजरेनं धरायचा. जहाज जळालं की ते ज्ञान उरतं फक्त सुताराच्या हातात, आणि सुतारानं धंदा बदलला की तिथूनही जातं.

म्हणून मला ‘कौंडिण्य’चा फार आधार वाटतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात हे शिवलेलं जहाज बांधलं गेलं. हाताशी फक्त चित्र होतं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवल्या, आयआयटी मद्रासमध्ये आधी प्रतिकृती करून तिची पाण्यात चाचणी झाली, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. हरवलेल्या जहाजाला जे विचारायचं ते लहान प्रतिकृतीला विचारता येतं. शोकेसमध्ये ठेवण्यापुरती जहाजं करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडं निवृत्त फिटर, सुतार, ड्रॉइंग मास्तर काय कमी आहेत?

मी राहतो त्या विणकरांच्या वडगावातून समुद्र रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या वर. पण या कामाला लागतं ते इथं घरोघरी आहे. एवढ्या लहान मापात सागवान चालत नाही, त्याची रेघ ठसठशीत दिसते. हेदूचं लाकूड मात्र बारीक पोताचं, पिवळसर, गुळगुळीत; मागाच्या बॉबिनसाठी हेच वापरत. शेजारच्या विणकर मामांनी मोडीतल्या बॉबिन दिल्या, त्या उभ्या चिरून मी पट्ट्या काढल्या. गरम पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर दाबल्या की त्या हव्या तशा वळतात. पावसाळ्यात डिंक लावायचा नाही हेही ठरवलंय; इथल्या पावसात फुगलेली फळी उन्हाळ्यात आखडली की सांधा उघडतो.

दोरही इथलेच. सुती धाग्याचे तीन पदर घेऊन वळत होतो, तेव्हा मामा दारातूनच म्हणाले, “काय ओ मास्तर, धाग्याचा मूळचा पीळ कुठल्या अंगाचा बघून त्याच्या उलट वळा, म्हणजे सुटणार न्हाई.” खऱ्या जहाजाचा दोरही अशाच उलटसुलट पिळांवर टिकतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या दोरांचा वळ त्यांच्याच हातचा आहे.

शिडांचं अजून ठरायचंय. शिडं अरुंद पन्ह्याच्या पट्ट्या जोडून शिवलेली असत. दोन फुटांचा पन्हा माझ्या मापात बारा मिलिमीटर होतो. बाजारातली तलम मलमलही तिथं गोणपाटासारखी दिसते. मामा म्हणतात, बारीक सुताचा ताणा लावून हातमागावर वीतभर कापड विणून बघू. गावच्या मंगाईदेवीची जत्रा झाली की माग मोकळा होईल. तोवर मी तोफेच्या झरोक्यासाठी पुठ्ठ्याची तिसरी भिंत कापून बघतो आहे, आधीच्या दोहोंपेक्षा थोडी उंच.