एक्स म्हणजे कोण हो?

परवा भाच्याची क्लासची वही चाळत होतो. आमचं भाईंदर, उत्तनची मासळी घरात रोजची. पठ्ठ्याने पायथॉनमध्ये लिहिलं होतं:

पापलेट = ६००
पापलेट = पापलेट + ५०
प्रिंट(पापलेट)

त्यावर लाल रेघ! शेरा: "नाव इंग्रजीतच हवं, एक्स लिही."

का म्हणून? डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३.० आलं, तेव्हापासून व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं. प्रिंट हा शब्द आणि आकडे तेवढे इंग्रजीत टंकायचे.

बरं, एक्सने सोपं होतं का? उलट! बीजगणित शिकलेल्या पोराला 'एक्स = एक्स + ५०' म्हणजे शुद्ध थाप वाटते. कारण इथे = म्हणजे 'समान' नव्हेच. उजवीकडचं मोजा आणि डावीकडच्या नावाला द्या, एवढंच. जुना भाव ६००, वर ५० चढले, नवा भाव ६५०. कोळणीपुढे उभ्या राहिलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. प्रिंटमध्ये पापलेट अवतरणचिन्हांत घातलं तर नुसता शब्द उमटतो, तसंच लिहिलं तर भाव. संपला धडा!

नोकरीत इंग्रजी नावंच ठेवतात, मान्य. तिथे परमुलखातल्या माणसालाही वाचायचं असतं. पण पहिला धडा नोकरीसाठी नसतो, समजण्यासाठी असतो. आपली भाषा कॉम्प्युटरला चुकीची वाटते, असं पोराच्या मनात बसलं तर ते कोण पुसणार?

असो. रात्री दोघांनी मिळून तोच प्रोग्रॅम चालवला. ६५० आले.

मग लाल रेघ कशाची?