फुकटचा गाळ, जमिनीच्या मुळावर



शहरांच्या मैलापाणी केंद्रांत साठणारा गाळ शेतात टाका, नत्र-स्फुरद फुकट मिळेल, असा सल्ला कोरडवाहू शेतकऱ्याला दिला जातो. वर ऐकवतात, 'तुमचे आजोबा सोनखत वापरतच होते ना?'

वापरत होते. पण आजोबांच्या सोनखतात माणसाचा मैला होता. आजच्या गटारात कारखान्यांचे जस्त आणि कॅडमियम आहे, दवाखान्यांचे पाणी आहे, लाखो लोकांच्या पोटातून तशीच बाहेर पडलेली प्रतिजैविके आहेत. पाणी शुद्ध केले म्हणजे यातले बरेचसे गाळात उतरते.

गाळात नत्र-स्फुरद आहे, हे खरे. बाकीचा हिशेब इंग्लंडमधल्या वोबर्नच्या प्रयोगाने मांडून ठेवला आहे. तिथे १९४२ ते १९६१ गाळ टाकला. तो बंद करून वीस वर्षे उलटली तरी धातू जमिनीतच होते. शेणखताच्या वाफ्यांपेक्षा तिथल्या सूक्ष्मजीवांचे वजन निम्म्यावर आले होते. क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या मुळांवर गाठी येत, पण त्या नत्र धरीत नव्हत्या. कामाचे रायझोबियम संपले होते, निकामी तेवढे उरले होते.

आपण कपाशीत, ज्वारीत तुरीचे तास का धरतो? एक कारण, तूर आपला नत्र आपणच हवेतून घेते. कोणी म्हणेल, वोबर्नची जमीन रेताड, आपली काळी. ती धातू घट्ट धरते. बरोबर. पण धरले म्हणजे नाहीसे झाले नव्हे. दरसाल भर पडत जाते, आणि ती उपसून काढण्याचे औत कोणाकडेही नाही.

दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध गाळाला चिकटते आणि सावकाश नष्ट होते. औषधाला दाद न देणारे जिवाणूही गाळात असतात. तो गुण ते जमिनीतल्या दुसऱ्या जिवाणूंना देऊ शकतात. जस्त-तांब्याच्या माऱ्यातही असलेच जिवाणू तगतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. अनवाणी निंदणाऱ्या बाईच्या पायाची जखम चिघळली आणि इंजेक्शन लागू पडले नाही, तर बिल महापालिका भरणार आहे का?

कायदा काय म्हणतो? खत नियंत्रण आदेश, १९८५ सेंद्रिय खतांतल्या जड धातूंना मर्यादा घालतो, प्रतिजैविकांना नाही. स्वित्झर्लंडने २००६ पासून शेतात गाळ टाकण्यावर बंदी घातली. तिथे तो जाळतात. आपल्याला मात्र तोच गाळ खत म्हणून घ्यायला सांगतात.

म्हणून जिल्हा मेळाव्यात ठराव करू :

१. प्रत्येक खेपेसोबत धातू आणि प्रतिजैविके, दोहोंच्या तपासणीचा दाखला हवा, खर्च महापालिकेचा.

२. औषध कारखाने आणि मोठ्या रुग्णालयांचे पाणी आधी वेगळे शुद्ध करा, मगच गटारात सोडा.

३. गाळ टाकलेल्या प्रत्येक गटाची नोंद ठेवा. जमीन बिघडली तर भरपाई द्या.

तोवर एकही ट्रॉली बांधाच्या आत येऊ द्यायची नाही. शहराला गाळाची विल्हेवाट लावण्याचा खर्च वाचवायचा आहे. तो आपल्या जमिनीच्या नावे टाकू देऊ नका.