पोकळ डाग, भरीव हिशेब

लग्नसराई आली की खालापूर-कर्जतकडील कुटुंबे सराफी पेढीची पायरी चढतात आणि वर्षानुवर्षांची शिल्लक एका दिवसात तेथे खर्ची पडते. म्हणूनच पोकळ दागिना म्हणजे काय, हे ग्राहकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पोकळपणा म्हणजे लबाडी नव्हे. आपली बोरमाळच पाहावी. सोन्याचा पातळ पत्रा ठशात ठोकून वाट्या करावयाच्या, डाख देऊन त्यांचे मणी जोडावयाचे आणि पोटात लाख भरावयाची, ही जुनी, प्रामाणिक कारागिरी होय. पोकळ साखळीत तांब्याच्या गाभ्यावर सोने चढवितात व घडण संपल्यावर तो गाभा तेजाबात विरघळवितात. थोडक्या सोन्यात मोठा डाग होतो; मात्र तो लवकर चेपतो व त्याची दुरुस्ती कठीण असते.

लबाडी सुरू होते ती तराजूत. लाखेचे वजन सोन्याच्या भावाने विकले जाते तेव्हा. कसोटीचा दगड पृष्ठभागाचा कस सांगतो, पोटातील लाख नव्हे. २०२३ पासून सहा अंकाक्षरी क्रमांकासह सक्तीचा झालेला हॉलमार्कदेखील शुद्धतेची ग्वाही देतो, भरीवपणाची नव्हे. शुद्ध सोने पाण्याच्या एकोणीसपट, तर चांदी साडेदहापट जड असते. तेव्हा दिसावयास मोठा पण हाताला हलका डाग पोकळ समजावा.

हॉलमार्कयुक्त डागाच्या बिलावर मौल्यवान धातूचे निव्वळ वजन व शुद्धता लिहिणे सराफावर बंधनकारक आहे. तो हक्क ग्राहकाने संकोच न करता बजावावा. भिडेपोटी न मागितलेली पावती पुढे मोडीच्या वेळी महागात पडते.